पडद्याशेजारचा फोटो

कराडच्या त्या फ्लॅटचा हॉल इतका लहान होता, की सोफ्यावर बसलेल्या माणसाने पाय लांब केले तर ते टीव्हीच्या टेबलाला लागत. पश्चिमेला खिडकी, तिला लागून बाल्कनीचं दार, आणि दुपार कलली की सगळं ऊन आत. दिवाळीच्या आधी इथे नवे पडदे लावायचे असं सईने ठरवलं, तेव्हा हे काम एका रविवारात उरकेल असं तिला वाटलं होतं. पण घरात माणसं तीन आणि मतं चार निघाली. धवलला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, गडद निळे हवे होते, कारण मॅच बघताना टीव्हीवर उजेड पडतो. सईला वाटत होतं, आधीच काडेपेटीएवढी खोली, त्यात गडद रंग म्हणजे गुदमरायला होईल. दुसऱ्या दिवशी तिलाच मोरपंखी आवडायला लागला. आणि गंगाधर, तिचे सासरे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "पडदे हवेतच कशाला? उजेड येऊ दे की घरात."

धवल साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होता. गळीत हंगाम तोंडावर आलेला, त्याला सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. "तू आणि ताई जाऊन या, जे आणाल ते लावू," असं म्हणून तो मोकळा झाला.

सईची मोठी बहीण वल्लरी सांगलीत राहायची. माधवनगरला पडद्यांच्या कापडाचं एक चांगलं दुकान आहे, तिथेच शिवूनही मिळतं, असं तीच सांगत होती. म्हणून सई सकाळच्या बसने सांगलीला गेली आणि दोघी बहिणी वल्लरीच्या स्कूटरवरून माधवनगरला पोचल्या.

दुकानदाराचं नाव दिग्विजय. पस्तिशीचा, बोलका माणूस. त्याने काउंटरवर ताग्यांवर तागे उलगडले. राखाडी, सायीचा, मोहरीसारखा पिवळा, फिकट हिरवा. रिंगा लावलेले, वर चुण्या घेतलेले, आतून जाळीचे आणि बाहेरून जाड असे दुहेरी. सई एकेक रंग हातात धरून दाराशी उजेडात न्यायची आणि परत आणायची. वल्लरी कंटाळून स्टुलावर बसली.

"ताई, असं तुकडा बघून न्हाई कळायचं," दिग्विजय म्हणाला. "तुमचा हॉल बारका हाय न्हवं? थांबा, मी तुमाला बारक्या हॉलचंच फोटो दावतो. आमीच लावल्यालं पडदं हायत."

त्याने मोबाईल तिच्यासमोर धरला आणि अंगठ्याने एकेक फोटो सरकवायला लागला. सई बघत होती. एका फोटोवर तिने त्याला थांबवलं. सायीच्या रंगाचे पडदे, खाली मोहरी रंगाची रुंद पट्टी, दांडी अगदी छताजवळ, त्यामुळे खोली उंच दिसत होती.

"हा छान आहे. जरा मोठा करा ना."

दिग्विजयने फोटो मोठा केला. पडद्याच्या चुण्या स्पष्ट दिसल्या, पट्टीची शिलाई दिसली. आणि पडद्याशेजारी, भिंतीवर, लाकडी चौकटीत लावलेला एक फोटो दिसला.

तो धवल होता.

सईला आधी काही कळलंच नाही. ओळखीचा चेहरा अनोळखी जागी दिसला की क्षणभर नाव आठवत नाही, तसं झालं. मग तिने मोबाईल दिग्विजयच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. निळा चौकड्यांचा शर्ट, उन्हामुळे बारीक केलेला डावा डोळा, मागे कृष्णा-कोयनेचा संगम. हा फोटो तिने स्वतः काढला होता. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यानंतर, संगमावर. फोटोच्या कोपऱ्यात तिच्या ओढणीचं लाल टोक उडत आलं होतं, म्हणून धवल तिला चिडवायचा. चौकटीतल्या फोटोतही ते टोक होतं.

"ताई," तिने हाक मारली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही.

वल्लरी उठून आली, तिने पाहिलं आणि म्हणाली, "हा तर धवल."

"हा कोणाचा हॉल आहे?" सईने विचारलं.

"हितलाच की, माधवनगरातला. आमच्याकडं शिलाई करत्यात त्या बाईंचा. नवीन डिझाईन आलं की पयलं त्या आपल्या घरात लावून बघत्यात." दिग्विजयच्या अजून काही लक्षात आलं नव्हतं. "आवडलं का डिझाईन?"

"त्यांच्या घरी कोण कोण असतं?"

"एकट्याच राहत्यात."

"आणि हा फोटो कोणाचा?"

"आता मी बी एकदा इचारलं होतं. 'माझाच हाय' म्हणाल्या. जास्त काय बोलल्या न्हाईत. लय कमी बोलत्यात त्या." मग त्याने सईचा चेहरा पाहिला. "काय झालं वो ताई? पाणी देऊ का?"

माझाच आहे. सईने काउंटरची कड धरली. धवल कारखान्याच्या कामाने महिन्यातून एकदोनदा सांगलीला यायचा. साखरेचे नमुने घेऊन. निदान ती आजवर तसंच समजत होती.

दोघी बाहेर आल्या. सईने धवलला फोन लावला. वाजत राहिला, त्याने उचलला नाही. प्रयोगशाळेत तो मोबाईल कपाटात ठेवायचा. हे तिला माहीत होतं, तरी आज ते खरं वाटेना.

"परत लावू नकोस," वल्लरी म्हणाली. "आधी बघू कोण आहे ती. त्याला विचारलंस तर तो काहीतरी सांगेल, आणि तू विश्वास ठेवशील."

"ताई, धवल तसा नाही."

"कोणाचाच नवरा तसा नसतो गं, कळेपर्यंत." वल्लरीचे डोळे लाल झाले होते. तिला सईपेक्षा जास्त राग आला होता.

वल्लरीच परत आत गेली आणि शक्य तितक्या साध्या आवाजात दिग्विजयला म्हणाली, की आम्हाला ते पडदे लावलेले प्रत्यक्ष बघायचे आहेत. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. त्याने फोन करून "दोन ताई येत्यात बघायला" म्हणून सांगितलं आणि पत्ता दिला. जुन्या गिरणीच्या मागची चाळवजा वस्ती, कडेचं घर, दारात जास्वंद.

रस्ता पाच मिनिटांचाही नव्हता. सई स्कूटरवर मागे बसून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. तुम्ही कोण? कधीपासून? एकही वाक्य शेवटपर्यंत जात नव्हतं. घर आलं. वल्लरी दार वाजवायला पुढे झाली, पण सईने तिला मागे सारलं आणि स्वतः कडी वाजवली.

दार उघडलं ते साठीच्या आसपासच्या एका बाईने. किरकोळ अंग, पांढरे होत आलेले केस घट्ट बांधलेले, गळ्यात मापाची फीत. तिने सईकडे पाहिलं. सईला वाटलं, ही त्या दुसरीची आई असेल, ती आत असेल. सई काही विचारणार तेवढ्यात त्या बाईचा हात दाराच्या चौकटीवरून खाली घसरला.

"सई?" ती म्हणाली.

"तुम्हाला माझं नाव कसं माहीत?"

त्या बाईने मागे वळून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग पुन्हा सईकडे.

"त्याला काही झालं का?" तिने घाबरून विचारलं. "धवल बरा आहे ना?"

"तो बरा आहे. तुम्ही कोण आहात?" सई आता जवळजवळ ओरडली.

"मी गोदावरी."

हे नाव सईने फक्त एकाच ठिकाणी ऐकलं होतं. दरवर्षी पितृपंधरवड्यात, अविधवा नवमीला, पाटावर बसलेल्या धवलकडून गुरुजी संकल्प म्हणून घेत, त्यात. धवलची आई. तो वर्षाचा असताना काविळीने गेलेली. घरात तिचा एक फोटोही नव्हता. गेल्याच महिन्यात सईने तिच्यासाठी खीर आणि वडे केले होते, केळीच्या पानावर वाढून गच्चीत ठेवले होते, आणि कावळा लवकर शिवला म्हणून तिला बरं वाटलं होतं.

"ते शक्य नाही," सई म्हणाली. वल्लरीने तिला दंडाला धरून आत नेलं आणि शिलाई मशीनजवळच्या खुर्चीत बसवलं.

तोच हॉल. मोबाईलमध्ये दिसला त्याहून लहान. मशीन, एक लोखंडी कपाट, दोन खुर्च्या, आणि ते पडदे. धवल भिंतीवरून हसत होता.

वल्लरीने सरळ विचारलं, "तुम्ही धवलची आई आहात, हे आम्ही कशावरून खरं मानायचं?"

गोदावरीला त्याचा राग आला नाही. ती म्हणाली, "त्याच्या उजव्या कानामागे तिळाएवढी चामखीळ आहे. लहानपणी होती. आता असेल की नाही, मला काय माहीत."

सईने वल्लरीकडे बघून फक्त मान हलवली. होती.

मग गोदावरी बोलली. सलग नाही, थांबत थांबत, आणि बोलताना हातातली फीत बोटांना गुंडाळत, सोडत. वाईला कृष्णेच्या काठी त्यांचं घर होतं. बाळंतपणानंतर तिची झोप गेली. रात्रंदिवस डोळा लागेना. भिंतीशी बोलायची, मूल दुसऱ्याचं आहे असं वाटायचं, मग रडायची. तेव्हा याला आजार म्हणतात हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. नणंद म्हणायची, बाहेरची बाधा आहे. एका पहाटे ती घाटावर सापडली. कमरेएवढ्या पाण्यात, धवलला मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली.

"त्याच्या अंगाला पाणी लागलं होतं," ती म्हणाली. "कपडे धुणाऱ्या बायकांनी ओढून काढलं आम्हाला. त्याच दिवशी माझ्या भावाला बोलावून घेतलं आणि त्याच्याबरोबर इकडे पाठवून दिलं."

भावाने मिरजेला उपचार केले. वर्ष दोन वर्षं गेली. गोळ्यांनी ती हळूहळू माणसात आली. बरी झाल्यावर एकदा वाईला गेली होती. नणंदेने तिला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. म्हणाली, मुलाला सांगितलंय, आई देवाघरी गेली. आता तू पुढे आलीस तर पोर भेदरेल. आणि परत तुला तसलं काही झालं तर?

"आणि बाबा?" सईने विचारलं. "बाबा कुठे होते?"

"आत. दाराआड त्यांचे पाय दिसत होते."

"तुम्ही ऐकून घेतलंत? पोलिसांत जायचं, कोर्टात जायचं—"

"माझीच मला भीती वाटायची गं," गोदावरी म्हणाली. "नणंद वाईट बोलली, पण खोटं बोलली नव्हती. परत झालं असतं तर? मी गोळ्या खाऊन झोपायची आणि स्वप्नात त्याला पाण्यात शोधायची. मग वाटलं, आहे तिथे सुखरूप आहे ना, राहू दे."

भाऊ वारल्यावर ती माधवनगरला आली, शिलाई करायला लागली. शेजारच्या मुलीने एकदा फेसबुकवर धवलचं नाव शोधून दिलं. त्याचं लग्न, कराडचं घर, सई, सगळं तिने तिथे पाहिलं. आवडलेला एक फोटो छापून आणला.

"त्या फोटोत तुझी ओढणी आहे. कापतो म्हणत होता फोटोवाला. मी म्हटलं, नको, राहू दे."

सईला रडू आलं नाही. रडण्याच्या पलीकडे काहीतरी झालं होतं. निघताना गोदावरीने तिचा हात धरला. हात थंडगार होता.

"त्याला सांगू नकोस. तुमचं चांगलं चाललंय. मला बघायला मिळतं, तेवढं पुष्कळ आहे."

सईने हात सोडवून घेतला.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. बाहेर उसाला तुरे यायला लागले होते, ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेने चालले होते, सगळं सकाळसारखंच होतं आणि तिला त्याचंच आश्चर्य वाटत होतं. दुपारी दुसरी बाई भेटेल या भीतीने ती अर्धमेली झाली होती. आता वाटत होतं, तसं निघालं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. ज्या सासऱ्यांना ती रोज सकाळी चहा देते, ज्यांची ब्लडप्रेशरची गोळी आठवणीने काढून ठेवते, त्यांनी हे केलं होतं. नवमीच्या दिवशी ते जेवत नसत. बायकोच्या आठवणीने, असं सईला वाटायचं आणि त्यांच्याबद्दल मनात माया दाटायची.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. धवल नुकताच आला होता, सोफ्यावर पाय पसरून बसला होता. गंगाधर त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत.

"आणलेस का पडदे?" धवलने विचारलं. "आणि तुझा फोन आला होता दुपारी, मी परत लावला तर तू उचलला नाहीस."

सई उभीच होती. बसमध्ये तिने ठरवलं होतं, की आधी धवलला एकट्याला बाहेर नेऊन सांगायचं. पण त्या खोलीत सासऱ्यांना बघून तिला दम धरवला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मी आज माधवनगरला गोदावरीबाईंना भेटून आले."

गंगाधरांच्या हातातून वर्तमानपत्र पडलं नाही. त्यांनी ते घडी घातलं, पुन्हा घडी घातलं, अगदी लहान करत आणलं.

"कोण गोदावरीबाई?" धवल हसत म्हणाला. मग त्याचं हसू तसंच राहिलं. "माझ्या आईचं नाव आहे ते."

"तीच. जिवंत आहे, धवल. माधवनगरला शिलाई करते. तुझा फोटो आहे तिच्या भिंतीवर."

"सई, काहीतरी काय? कोणीतरी फसवतंय तुला. हल्ली फेसबुकवरून माहिती काढून—"

"बाबांना विचार."

धवल वडिलांकडे वळला. त्या हॉलमध्ये दोघांच्या गुडघ्यांत हातभर अंतर होतं.

"बाबा?"

गंगाधरांनी उत्तर द्यायला इतका वेळ घेतला, की उत्तर द्यायची गरजच उरली नाही. तरी ते म्हणाले, "खरं आहे."

"काय खरं आहे?"

"ती आहे. तिच्या भावाचा एकदा निरोप आला होता, बरी झाली म्हणून. मी काही कळवलं नाही." त्यांचा आवाज कोरडा होता. "तुला पाण्यातून वर काढलं तेव्हा तू निळा पडला होतास. मी बघितलंय. आक्का, तुझी आत्या, म्हणाली, हिला परत घरात घ्यायचं नाही. मला आक्काचं पटलं. मोठा झालास की सांगू असं म्हणत होतो. मग आक्का गेली आणि सांगायला मला तोंडच उरलं नाही."

धवल उठला, पण जायला जागा नव्हती. एका बाजूला टीव्हीचं टेबल, दुसऱ्या बाजूला वडिलांची खुर्ची.

"मग मी श्राद्ध कोणाचं करत होतो?" त्याने विचारलं. अगदी हळू. "बाबा, मी लहानपणापासून पिंड देतोय. तुम्ही शेजारी बसायचात. मी कोणाचं करत होतो?"

गंगाधरांनी हात जोडले. मुलासमोर हात जोडलेला बाप बघून सईलाही धक्का बसला. तिने मान फिरवली. धवल बाल्कनीत जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ आत आला नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. धवल वडिलांशी बोलेना. जेवायच्या वेळी तो कारखान्यातून मुद्दाम उशिरा यायचा. सईवरही चिडला. म्हणाला, पडदे बघायला गेली होतीस, हे कशाला उकरून आणलंस? दुसऱ्या दिवशी त्यासाठी माफी मागून रडला. कधी म्हणायचा, तिने मला मारायलाच नेलं होतं, मी का जाऊ? कधी नुसताच कानामागे हात लावून बसायचा. दिग्विजयचा फोन आला, "ताई, रंग ठरला का? दिवाळीची गर्दी होतीया." सईने सांगितलं, नंतर कळवते.

एका शनिवारी सकाळी धवलने आपणहून गाडीची किल्ली घेतली. "चल," म्हणाला.

गोदावरीने दार उघडलं. या वेळी कोणी आधी फोन केला नव्हता. तिच्या हातात अर्धवट शिवलेलं कापड होतं. तिने धवलकडे पाहिलं आणि ते कापड छातीशी धरलं. पुढे आली नाही, हात लावला नाही. तो आत येऊन खुर्चीत बसला, तेव्हा तीही समोर बसली. त्याची नजर भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोकडे गेली आणि त्याने ती लगेच काढून घेतली.

"मला घेऊन पाण्यात का गेला होतात?" त्याने विचारलं. नमस्कार नाही, काही नाही.

गोदावरीने मान खाली घातली नाही.

"आठवत नाही," ती म्हणाली. "तुला खोटं सांगणार नाही. तुला बुडवायचं होतं की नाही, ते मलाही माहीत नाही. डोक्यात आग पेटली होती आणि पाणी थंड होतं, एवढंच आठवतं. आणि तू रडत नव्हतास."

धवल तिच्याकडे बघतच राहिला. तो भांडायच्या तयारीने आला होता. काहीतरी कारण, काहीतरी सबब ऐकायला.

अखेर सईच म्हणाली, "आमच्या हॉलचे पडदे अजून ठरायचेत." म्हटल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. पण गोदावरी मात्र त्या वाक्याला बुडत्याने काडी धरावी तशी धरून बसली.

"कुठल्या दिशेला खिडकी?"

"पश्चिमेला," सई म्हणाली.

"मला गडद हवेत," धवल एकदम म्हणाला. आवाज घोगरा होता. "टीव्हीवर ऊन येतं."

"लहान खोलीत गडद नको रे," गोदावरी म्हणाली आणि थबकली. तो 'रे' तिच्या तोंडून निसटून गेला होता. धवलने काही हरकत घेतली नाही. मग ती जरा जपून म्हणाली, "मागून जाड अस्तर लावते. ऊन अडेल, आणि समोरून रंग फिका राहील. चालेल?"

"फिका म्हणजे कुठला?"

ती उठली. कपाटातून तुकड्यांची चवड काढून तिने त्याच्या मांडीवर ठेवली. ठेवताना तिचा हात त्याच्या गुडघ्याला लागला. दोघंही दचकले. धवल खाली मान घालून तुकडे चाळायला लागला. सई बघत होती; तो रंग बघत नव्हता, डोळे भरून आल्यामुळे त्याला काही दिसतच नव्हतं. एका तुकड्यावर त्याचं बोट थांबलं. कच्च्या पेरूसारखा फिकट हिरवा. घरात कोणाच्याच डोक्यात नसलेला रंग.

"हा," तो म्हणाला.

"बरं," गोदावरी म्हणाली.

त्या दिवशी ते जेवायला थांबले. भाकरी, वांग्याचं भरीत, दही. धवल तिला 'तुम्ही' म्हणत होता आणि आई म्हणत नव्हता. निघताना त्याने विचारलं, "बाबांना भेटाल?"

"नाही," ती लगेच म्हणाली. "त्यांना सांग, मी त्यांचं वाईट चिंतत नाही. पण समोर नको. मी इतकी वर्षं मेलेली होते, त्यांनाही जरा तसं राहू दे."

हे शब्द धवलने घरी जसेच्या तसे सांगितले. गंगाधरांनी ऐकले, मान डोलावली आणि ते आपल्या खोलीत गेले. दिवाळीत ती फराळाला येणार हे ठरलं, तेव्हा त्यांनी स्वतःच पिशवी भरली. वाईला चुलत भावाकडे जातो म्हणाले. धवल त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेला नाही. सई गेली. बस सुटताना त्यांनी विचारलं, "तिची तब्येत कशी आहे?" सई म्हणाली, "बरी आहे. गोळ्या वेळेवर घेतात." ते एवढ्यावरच थांबले, आणि सईनेही त्यांचा जीव हलका होईल असं काही सांगितलं नाही.

गोदावरी आली ती पडद्यांचं गाठोडं घेऊनच. हॉल बघून म्हणाली, "खरंच की, बारकाच आहे." धवल स्टुलावर चढला, ती खालून रिंगा देत गेली. पडदे ओढले तेव्हा दुपारचं ऊन त्यांच्यावर पडलं आणि खोलीभर हिरवट, मऊ उजेड झाला. सईने चकल्या आणि करंज्या समोर ठेवल्या. गोदावरी खुर्चीच्या कडेला बसून एकच चकली किती तरी वेळ खात होती. तिने घर सगळं पाहिलं, पण गंगाधरांच्या खोलीच्या बंद दाराशी ती गेली नाही.

संध्याकाळी दोघं तिला स्टँडवर सोडायला गेले. सांगलीची बस लागली होती, दिवाळीची गर्दी होती. धवलने आत शिरून तिच्यासाठी जागा धरली, पिशवी वर ठेवली. सई खाली उभी होती. कंडक्टरने घंटी दिली तरी धवल उतरेना. सईने खिडकीतून हाक मारली. तो उतरायला दारापर्यंत आला, तिथे उभा राहिला, आणि बस हलली तेव्हा पुन्हा आत वळला. धुळीत सईला एवढंच दिसलं, की तो रॉडला धरून आईच्या सीटजवळ उभा आहे.

ती रिक्षाने घरी आली. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. मागे बसचा खडखडाट होता.

"पेठनाका गेला," तो म्हणाला. "मी उद्या येतो. कपडे नाहीत, काही नाही. ती म्हणतेय, शेजाऱ्यांचा लेंगा मागून देते." मग थोडं थांबून, दबक्या आवाजात, "तिला झोप लागलीय. माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपलीय गं."